पाय सुरेख आहे, कुणाचा?

तीर्थस्वरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच, प्लास्टर घासून घासून कंबर धरली आहे.) तुझे गुडघे बरे असतील अशी आशा करते, कारण आमच्या घरात आता आणखी दुखण्याला जागा नाही. आई बरी आहे, म्हणजे रडत नसते तेव्हा स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासते.

धाकट्या भावाला नोकरी लागली म्हणून तू पाठवलेले बूट पोचले. काळे, चकचकीत, आठ नंबरचे. त्याचा डावा पाय सहाचा, उजवा सातचा, आणि दोन्ही टाचा टेकत नाहीत, एवढं सोडलं तर अगदी मापाचे आहेत. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंस, असे पाय आपल्याच घरात का आले. मावशी, आपल्या घराला एवढा मान देऊ नकोस. आमच्या कार्यशाळेत गेल्या महिन्यात धाकट्यासारखे सेरेब्रल पाल्सीचे चौदा जण आले, त्यातल्या बारा जणांची पावलं वाकडी होती: कुणाची टाच उचललेली, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाचं बाहेर कोसळलेलं. (सरळ पायाचा माणूस पायाचे आधार बनवणाऱ्यांकडे कशाला येईल, हा आक्षेप मान्य, पण धाकट्याच्या शाळेतही फार वेगळं चित्र नव्हतं.) दुखापत मेंदूची, जन्माच्या आसपासची. पोटरी बिचारी चुकीचा हुकूम वर्षानुवर्षं पाळते आणि टाच वर ओढते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता माझा पराक्रम. धाकट्याच्या डाव्या पायाची स्प्लिंट, म्हणजे पावलाला धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार, मीच करायची ठरवली. पायाचा साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं, पांढरा पाय तयार झाला. तो कानशीनं थोडा साफ करायचा असतो, दोन-तीन मिलिमीटर. मी दुपारभर घासत बसले. इथे काढलं, तिथे भरलं, टाच खाली आणली. जे तो नऊ वर्षांचा असताना झालेल्या ऑपरेशनला आणि दीड महिन्याच्या प्लास्टरला जमलं नाही, ते मी एका बैठकीत केलं. आमचे वयस्कर कारागीर, ज्यांना सगळे काका म्हणतात, जाता जाता थांबले. म्हणाले, "पाय सुरेख आहे. कुणाचा?"

शहाणी असते तर तिथेच थांबले असते. पण मी त्यावरच तापवलेलं प्लास्टिक ओढलं आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी सकाळी स्प्लिंट त्याच्या पायात चढवली. (चढवताना जोर लागला, ही नोंद मी मनात केली आणि मनातच ठेवली.) तो नऊ ते एक खुर्चीत बसून लोकांचे फोन घेत राहिला. संध्याकाळी मी घरी येऊन मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड, फुटलेला. मी विचारलं, अरे, काढून का नाही टाकलीस? त्याला बोलायला वेळ लागतो, म्हणून मी थांबले. तो म्हणाला, "तू सकाळी शीळ घालत होतीस."

मी फोड धुतला आणि स्प्लिंट कपाटावर टाकली.

बाकी सर्व क्षेम.

तुझी भाची

ता. क. : डॉक्टर टाचेमागचा स्नायुबंध लांबवण्याचं ऑपरेशन पुन्हा करू म्हणतात. पुढच्या महिन्यातली तारीखही मिळाली आहे. धाकटा नको म्हणतो. तुझा शब्द तो मोडत नाही, तेव्हा चार दिवस येऊन त्याला राजी कर, एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २ : वरचं वाचून पाहिलं. ती विनंती रद्द समज. तो तेवीस वर्षांचा आहे, पाय त्याचा आहे, आणि मी पुन्हा घासायला बसले आहे, या वेळी त्यालाच.

तरी ये. रविवारी त्याच्या पायाचा नवा साचा घेते आहे, पाय आहे तसा. कानस लपवून ठेवायला घरचं कुणीतरी हवं.