तक्रारदाराचं नाव

३ मार्च, सकाळी ९.१०
खातं बंद! कारण म्हणे 'उघडं शरीर'. मी दुकानाच्या जाहिरातीत डोळ्याचा क्लोज-अप टाकला होता. डोळा उघडाच असणार ना? मिटलेल्या डोळ्याला चष्मा कोण विकतं? वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय आणि मला अक्कल शिकवतंय मशीन. असो. दोन तासांत सोडवतो.

दुपारी १.३०
अपील. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणून चित्रांतले सिग्नल शोधायला लावले. दोनदा चुकलो. चित्रंच धूसर होती. बायको म्हणाली, एकदा स्वतःचा नंबर तपासा. दुर्लक्ष केलं.

६ मार्च
दुसरं अपील. चार सेकंदांत उत्तर: काळजीपूर्वक विचार करून फेटाळलं. चार सेकंदांत तर चष्म्याची दांडी कानावर बसत नाही!
जाहिरात गेली खड्ड्यात. पण बाबांच्या आवाजातले सात मेसेज त्याच खात्यात आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. बाबा गेल्यापासून ऐकायची हिंमत झाली नव्हती. आता झाली, तर दार बंद. रडू आलं. चष्मा पुसला.

९ मार्च
लढा तत्त्वाचा आहे. कंपनीच्या 'वापरकर्त्यांच्या सूचना' पानावर पत्र टाकलं. मागणी एकच: तक्रार कोणी केली त्याचं नाव कळलंच पाहिजे. लपून दगड मारणाऱ्यांचं राज्य आहे हे! (माझ्यावर समोरच्या चष्मेवाल्याने डाव साधलाय. खात्री आहे.)
बायको म्हणाली, दादांच्या बाबतीत तुम्ही तेच केलंत. ते प्रकरण वेगळं. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाने 'डोळे फिरवा, चष्मा घालवा' असा व्हिडिओ टाकला. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय! मी खोटी माहिती म्हणून तक्रार केली. जनहितार्थ. पुढे काहीच झालं नाही. तेव्हापासून दादाशी बोलत नाही. कारण त्याला माहीत नाही. विचारलं तर सांगेन.

१४ मार्च, दुपारी ४
एकच मार्ग उरलाय. खातं उघडताना नेमलेल्या विश्वासू माणसाला कोड जातो, तो त्याने सांगायचा. मी दादाला नेमलं होतं. मेलो तरी फोन करणार नाही.

४.३०
केला. बाबांच्या मेसेजसाठी कोड हवाय, एवढंच म्हटलं. दादाने एक प्रश्न न विचारता सांगितला. मग म्हणाला, बाबांचा आवाज मलाही ऐकव, रविवारी दुपारी येतो. आवाज घोगरा होता. सर्दी असावी.

१९ मार्च, रविवार, सकाळी १०
खातं सुरू! सातही मेसेज शाबूत. दादा आल्यावरच ऐकायचे, ठरवलंय.
कंपनीकडून दोन निरोप. पहिला: वापरकर्त्यांच्या मागणीवरून आजपासून तक्रारदाराचं नाव संबंधिताला कळवलं जाईल. जिंकलो! एकटा माणूससुद्धा इंटरनेट हलवू शकतो. फ्रेम करून दुकानात लावणार.

१०.०५
दुसरा निरोप: दोन वर्षांपूर्वीची आपली तक्रार मान्य. संबंधित खातं बंद केलं आहे. जागरूकतेबद्दल आभार.

१०.२०
तक्रार मागे घ्यायचं बटण कुठेच नाही. मदत केंद्र म्हणतं, आधी तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा. सिग्नल शोधतोय.

१०.४०
दारात दादा. दुपारी येणार होता. बेल वाजवत नाहीये, नुसता उभा आहे, फोनकडे बघत. बायको म्हणते, दार उघडा. तिला सांगितलं, चष्मा सापडत नाहीये.
म्हणाली, नाकावर आहे.