मधली पाच पानं

अल मजाज, शारजा
शुक्रवार, ५ मार्च २००४

प्रिय विभावरी,

आशीर्वाद द्यावा इतकी मी मोठी नाही आणि नमस्कार करावा इतकी तू शहाणी नाहीस, तेव्हा नुसतंच प्रिय. तुझं पत्र मंगळवारी आलं. एकतीस मार्चच्या आत नव्या खेळाची परीक्षा द्या, नाहीतर पोकरच्या दालनातून बाहेर पडा, असं तुमच्या कॅसिनोनं सगळ्या डीलर मंडळींना बजावलंय. आणि अटलांटिक सिटीत दहा वर्षं सेव्हन-कार्ड स्टडची पानं वाटलेली तू, परीक्षेला न बसता राजीनामा देऊन नाशिकला बहिणीकडे लोणची घालायला जाणार आहेस. तुझ्या हातचं लोणचं मी खाल्लेलं आहे. नाशिककरांनी तुझं काय वाकडं केलंय ते मात्र पत्रात नाही.

हे पत्र पोचायला दहा दिवस धर, म्हणजे तुझ्या हाती पंधराएक दिवस उरतील. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ई-मेल आमची मिहिका उघडून देते, म्हणजे वाचतेच. तेव्हा शाई. चष्मा लाव, बैस, आणि तुझ्या साहेबाला काही कळवण्याआधी हे शेवटपर्यंत वाच. कारण तू ज्याला 'माकडांचा खेळ' म्हणतेस तो नवा खेळ, होल्डेम, गेले पाच शुक्रवार मी खेळते आहे, आणि विभा, चोपन्नाव्या वर्षी माझी गत अशी झालीय की शनिवारपासूनच मी पुढच्या शुक्रवारची वाट बघायला लागते. आज सकाळचा खेळ आत्ताच संपला, हात अजून शिवशिवताहेत, म्हणून अक्षर असं आलंय. वासुदेव म्हणाले, "लग्न ठरलं तेव्हाही तू इतकी उत्साहात नव्हतीस." खरं आहे ते.

या सगळ्याची जननी तूच. दुबईत ऊद मेथाच्या शाळेत तू गणित शिकवायचीस, मी संस्कृत, आणि मधल्या सुट्टीत आपण दोघी रमी खेळायचो, हे कुणाला सांगितलं तर आजही खरं वाटायचं नाही. ९३ साली अरुणरावांची बदली झाली, तू न्यू जर्सीला गेलीस, तिथल्या फडताळात भांडी लावून झाली, आणि पुढच्याच पत्रात लिहिलंस की पानं वाटायला शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलंय. ते पत्र मी आठवडाभर वासुदेवांना दाखवलं नव्हतं. गणिताची बाई जुगाराच्या गुत्त्यात, हे सांगायला योग्य मुहूर्त सापडेना. मग तुझं पार्सल आलं: कॅसिनोतून बाद झालेला, मधोमध भोक पाडलेला पत्त्यांचा जोड, आणि आठ पानी नियमावली. प्रत्येकाला सात पानं, ज्याची त्याची. पहिली दोन पालथी, मग चार उघडी, शेवटचं परत पालथं. त्यातल्या उत्तम पाचांचा डाव. मी त्याला सप्तपत्री असं नाव दिलं. तुझ्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली अन्वरी म्हणाली, "हे सांधेदुखीच्या काढ्याचं नाव वाटतं."

अन्वरीबद्दल तुला लिहीत असतेच, पण ती तुला नीट कळलेली नाही. माणूस रत्नागिरीचं, त्यामुळे चिंचोक्यासाठीसुद्धा भांडेल, आणि आमच्यात भांडायला चिंचोकेच असतात. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "पैसा आला की मी उठले. इथला कायदा आणि माझा अल्ला, दोघंही माझ्यावर नजर ठेवून आहेत." मग तिच्या माहेराहून पिशवीभर चिंचोके आले. ती, मी आणि तिची सून सुमैय्या, पुढे मिहिकाही बसायला लागली. दर शुक्रवारी सकाळी अन्वरीचे यजमान तय्यबभाई आंघोळीला गेले की आम्ही पानं काढायचो. जुम्याची बांग झाली की हातातला डाव कितीही मोठा असो, खलास, कारण तासाभरात ते नमाजाहून भुकेले परत यायचे. दहा वर्षं हे असं चाललं. आणि मी जिंकायचे. का, ते तुला सांगायला नको. उघडी पडलेली आणि मग कुणी डाव सोडल्यावर उलटी गेलेली पानं ध्यानात ठेवायची, स्टडचं अर्धं मर्म त्यात. वाईला आप्पांनी पहाटे उठवून माझ्याकडून धातुरूपं घोटून घेतली होती. त्या पाठांतरापुढे बावन्न पानं म्हणजे तोंडी लावणं. अन्वरी म्हणायची, "या बाईसमोर पान उघडं टाकलंस सुमैय्या, की नोटरी झाली समज."

नवा खेळ आमच्याकडे मिहिकानं आणला, तिनं तो डिशवर पाहिला. टेबलाच्या कडेला म्हणे बारीक कॅमेरे असतात, त्यामुळे खेळाडूची पालथी पानं साऱ्या जगाला दिसतात, फक्त समोरच्याला दिसत नाहीत. मी एक रात्र तिच्याबरोबर बसून पाहिलं आणि तुझा स्टड का हरला ते मला तिथंच कळलं. आठ जणांची सात-सात पानं, काही उघडी, काही पालथी, पडद्यावर मावायची कशी? इथे प्रत्येकाची फक्त दोन, बाकी पाच मधोमध, सगळ्यांची. पाचवीतलं पोरसुद्धा बघू शकेल. त्यात गेल्या वर्षी कुणा हौशी माणसानं तिथली सगळ्यात मोठी स्पर्धा मारली, तेव्हापासून जगातल्या प्रत्येक कारकुनाला वाटतंय की पुढचा नंबर आपला. मिहिका मला म्हणाली, "आई, स्टड इज फॉर आजीज. नोबडी प्लेज इट एनीमोर." मी म्हटलं, संस्कृतही कुणी बोलत नाही, पण तुझ्या कॉलेजची फी त्यातूनच जाते. "दॅट्स नॉट द पॉइंट," म्हणाली. नव्हताच.

पण खेळून बघ गं. वाटून बघ. दोन पानं हातात, त्यावर पहिली बोली. मग मधे एकदम तीन पानं उघडतात, आणि चौघींच्या माना एकाच वेळी खाली जातात. स्टडमध्ये आपण प्रत्येक जण आपापल्या पानांचा संसार करायचो. इथे तेच पान मला वर नेतं आणि त्याच क्षणी अन्वरीला खाली आणतं. तिनं त्या पाच पानांना 'पंचायत' असं नाव ठेवलंय. दुसऱ्या शुक्रवारी माझ्या हातात इस्पिकची सत्ती-अठ्ठी होती. पंचायतीत आले इस्पिकचा एक्का, इस्पिकची दुर्री आणि बदाम राजा. अन्वरीनं पुढ्यातले सगळे चिंचोके ढकलले, कारण इथे सगळंच्या सगळं लावता येतं, तुमच्या जुन्या टेबलासारखी बेताबेतानं वाढवायची मर्यादा नाही. मी, जन्मभर बेतानं वागलेली बाई, माझेही सगळे लावून बसले. चौथं पान चौकट नव्वी, निरुपयोगी. पाचवं पान उघडायच्या आधी सुमैय्यानं मुद्दाम चहाचा घोट घेतला, दुष्ट. मग उघडलं. इस्पिक चौकी. माझी पाच एका रंगाची झाली. अन्वरीनं तिचे एक्का आणि राजा टेबलावर आपटले आणि म्हणाली, "पंचायतीनं भर दिवसा घर लुटलं माझं." मी उभी राहिले होते. कधी उठले ते मला कळलं नाही.

तू लिहितेस की यात डीलरला डोकं लागत नाही. स्टडला आठ जणांची उघडी पानं वाचून कुणाचा डाव भारी ते दर फेरीला पुकारावं लागतं, इथे म्हणे मधे पाच पानं मांडली की झालं. मग ये आणि आमची अवस्था बघ. तिघींनी आपापलं सगळं लावलं, प्रत्येकीचा ढीग वेगळ्या मापाचा, तर कुठल्या ढिगात कुणाचा किती हक्क? मागच्या शुक्रवारी सुमैय्या वाटण्या करता करता रडकुंडीला आली, मिहिकानं कॅल्क्युलेटर आणला, आणि तरी माझ्या वाट्याचे सोळा चिंचोके अन्वरीच्या पदरात गेले ते गेलेच. तिथं गणिताची बाई लागते, विभा. दहा वर्षं पानांवर नजर ठेवलेली, मुलांच्या लबाडीची सवय असलेली. माकडाचं काम नाही ते. तुला वाटलं असेल, मेलेल्या गोष्टींची वकिली करायला कुंदा हक्काची, तिला लिहू, ती दोन अश्रू ढाळेल. पण प्राकृत बोलणारे चुकले, असं मी वर्गात कधीही शिकवलेलं नाही. लोक ज्या बाजूला गेले त्या बाजूला भाषा गेली. तुमचे पत्तेबाज त्या टेबलांकडे गेले आहेत आणि तू रिकाम्या टेबलाशी पानं पिसत बसली आहेस. तेही रागानं.

आता एवढी वकिली कशासाठी, ते सांगते. जानेवारीत एका शुक्रवारी, सप्तपत्रीच खेळत होतो, मी एका राणीच्या आशेवर चिंचोके वाढवत बसले. एक माझ्याकडे होती, दुसरी हवी होती. सुमैय्यानं दोन राण्या माझ्यादेखत उलट्या घातल्या होत्या आणि तिसरी मिहिकानं. मी नसलेल्या राणीची वाट बघत होते. अन्वरीनं माझ्याकडे पाहिलं आणि आपली पानं टाकून दिली. नंतर ती आत चहा टाकायला गेली तेव्हा मी तिची पानं उलटून बघितली: तीन गुलाम. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. चिंचोक्यासाठी सख्ख्या सुनेशी भांडणारी बाई मला जिंकू देत होती. त्याच सुमारास सातवीच्या वर्गात रूपं म्हणताना मी मधेच थांबले. पोरांना वाटलं मी परीक्षा घेतेय, त्यांनी पुढची म्हटली. डॉक्टर म्हणतात, आत्ता काही सांगता येत नाही, वर्ष-दोन वर्षांत कळेल. वासुदेवांना माहीत आहे, मिहिकाला अजून नाही. तुझा भोकाचा जोड मी कपाटात ठेवला आणि मनगट दुखतंय म्हणून सांगितलं. मग ही पोरगी नवा खेळ घेऊन आली, आणि त्यात उघडी पानं शेवटपर्यंत डोळ्यांसमोर मधेच पडलेली असतात, कुणी उलटी घालत नाही, आणि हातातली दोन हवी तितक्या वेळा उचलून बघता येतात. आज सकाळी अन्वरीनं मला अक्षरशः नागवलं. एक चिंचोका ठेवला नाही, वर म्हणाली, "रड आता." मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तर ऐक. जुलैच्या सुट्टीत आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय, तिकिटं काढली आहेत, आणि मला एकदा तू वाटलेल्या पानांवर खऱ्या टेबलाशी बसायचंय. तुझ्या स्टडच्या टेबलावर मला आता बसता येणार नाही. दुसऱ्यावर येईल. तेव्हा एकतीस तारखेच्या आत जा, आणि परीक्षा दे. आणि जुलैत मी तुला एकच गोष्ट दोनदा विचारली, तर दोन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांग. तुझ्या स्वभावाला ते जड जाईल, म्हणून चार महिने आधी कळवून ठेवते.

तुझीच,
कुंदा