प्रयोगाच्या दोनशे चाळीस माशांचा खुलासा

प्रति,
मा. सचिव,
सीमाभाग मत्स्यखाद्य संशोधन मंडळ,
विभागीय कार्यालय, बेळगाव.

अर्जदार : डॉ. नीलम भावकू बिर्जे, वरिष्ठ शास्त्रज्ञ (मत्स्य आहार व आरोग्य), मंडळाचे निपाणी केंद्र. मूळ राहणार कंग्राळी.

विषय : प्रयोगाचे मासे जेवणावळीत संपल्याबाबत, व ते कोठे गेले असे खाणाऱ्यांनीच अर्जदारास विचारल्याबाबत.

संदर्भ : प्रभारी संचालक, निपाणी केंद्र यांचा मेमो, दि. २३ जून २०२५.

महोदय,

संदर्भीय मेमोन्वये अर्जदारास असे विचारण्यात आले आहे की, केंद्रातील सहा सिमेंटच्या टाक्यांत प्रयोगासाठी सोडलेले रोहू जातीचे दोनशे चाळीस मासे सध्या कोठे आहेत, याचा खुलासा तीन दिवसांत करावा; न केल्यास निष्काळजीपणाचा ठपका सेवापुस्तकात नोंदविण्यात येईल. मेमोवर प्रभारी संचालक डॉ. राघवेंद्र हुद्दार यांची सही आहे. सदर माशांपैकी तीन डॉ. हुद्दार यांनी स्वतः खाल्ले आहेत, तळलेले दोन व कालवणातला एक. वाढणारी बाई केंद्रातच कामाला असून तिची स्मरणशक्ती चांगली आहे. तथापि खुलासा मागितलाच आहे, तर तो सविस्तर करणे अर्जदार आपले कर्तव्य समजते. मुदत उलटून अठरा दिवस झाले. विलंबाचे कारण ओघात येईल.

अर्जदाराची नोकरी सत्तावीस वर्षांची. कंग्राळीच्या शेतकरी घरातली मुलगी माशांचे शिक्षण घ्यायला मंगळूरला निघाली, तेव्हा मासे काय शाळेत जातात का, असे गावाने विचारले होते. वडील भावकू बिर्जे हे गुरांचे जाणते. ते एवढेच म्हणाले, "मुकं जनावर काय सांगणार न्हाय बघ. त्यानं काय खाल्लंय आणि काय टाकलंय ते बघायचं, मग कळतंय." अर्जदाराच्या प्रबंधास पुढे तीनशे पाने लागली. त्यात याहून फारसे अधिक नाही. रोहूला शेंगपेंड किती पचते, भाताचा कोंडा किती, पाणी गार पडले की भूक किती मंदावते, हे मोजण्यात पहिली दहा वर्षे गेली. पुढची सगळी तळ्यांच्या काठावर गेली. कोणाच्या माशांना जखमा, कोणाचे फुगलेले, कोणाचे नुसतेच खाईनात. केंद्रातले अधिकारी या कामाला "बिर्जेबाईंचं स्वैपाकघर" म्हणतात आणि आपापल्या खुर्चीत हसतात.

डॉ. हुद्दार सहा वर्षांपूर्वी केंद्रात आले. त्यांचा हात पाण्याने ओला झालेला अर्जदाराने पाहिला आहे, पण तो जेवून उठल्यावर. त्यांच्या नावावर एकच शोध आहे, तो म्हणजे 'मत्स्यबल' हे शेंगपेंडीचे गोळीखाद्य, जे मंडळ शेतकऱ्यांना वाटते. त्याच्या गोणीवर मासा लहान व डॉ. हुद्दार मोठे छापलेले आहेत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सदलग्याहून ज्योतिबा खोत यांचा केंद्राला फोन आला. उसाला पाणी पाजून पाजून त्यांची खालची जमीन खारवटली, ऊस येईना, म्हणून तिथे त्यांनी तळे खोदून मासे सोडले होते. ते मरू लागले. केंद्रातून फोनवरच निदान झाले की पाण्यात प्राणवायू कमी आहे, पंप लावा. पंप लावला. मासे मरतच राहिले. अर्जदार गेली तेव्हा ज्योतिबांच्या पत्नी मालुबाई काठावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हवा कमी पडली तर मासं पहाटं वर येऊन तोंड उघडत्यात, आणि मेलं तर सगळं एकदम मरत्यात. हे तसं न्हाय बाई. हे रोज चार-सहा जात्यात. घरातलं माणूस झिजून जावं तसं." मंडळाच्या वेतनावर असलेल्या एकाही तज्ज्ञाने इतके नेमके लक्षण आजवर सांगितलेले नाही, व मालुबाई मंडळाच्या वेतनावर नाहीत.

अर्जदाराने तिथेच एक मासा चिरला. काळीज पिवळे, सुजलेले, बोट लावताच भुगा होणारे. शेडमध्ये मत्स्यबलाच्या अकरा गोण्या होत्या. तोंड उघडताच कुबट वास आला. दमट शेंगपेंडीवर बुरशी धरते, बुरशीचे विष पेंडीत उतरते, आणि माशाने ते खाल्ले की काळजात साठत जाते, ही बाब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. अर्जदाराने ज्योतिबांना त्या गोण्या बंद करायला सांगितल्या व केंद्रात येऊन लेखी कळविले. डॉ. हुद्दार यांचे उत्तर असे : "मत्स्यबलाविषयी शंका घेणे शिस्तीस धरून नाही. शंका असल्यास प्रयोगाने सिद्ध करावी." सहा वर्षांत त्यांनी लिहिलेले हे एकमेव शास्त्रीय वाक्य होय. अर्जदाराने ते मनावर घेतले.

दि. १९ फेब्रुवारी रोजी सहा टाक्यांत प्रत्येकी चाळीस मासे सोडले. एक ते तीन या टाक्यांना गोणीतले मत्स्यबल. चार ते सहा या टाक्यांना तेच घटक, तेच प्रमाण, फक्त पेंड ताजी व वाळवलेली. या खाद्याचा पिठासारखा गोळा मळून अर्जदाराने आपल्या घरच्या शेवयांच्या यंत्रातून काढला व उन्हात तुकडे वाळवले. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक माशाचे वजन घेतले. मुदत एकशेवीस दिवसांची होती.

प्रयोगाच्या एकशेबाराव्या दिवशी, म्हणजे दि. ११ जून रोजी, अर्जदारास बेळगाव येथे एक दिवसाच्या सक्तीच्या प्रशिक्षणास पाठविण्यात आले. प्रशिक्षणाचा विषय 'प्रायोगिक प्राण्यांची काळजी' असा होता. त्याच दिवशी केंद्रात पाहणी पथक आले. पथकात नऊ माणसे होती, पानावर सत्तर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदार आली तेव्हा सहाही टाक्या कोरड्या होत्या. चार नंबरच्या टाकीत जाळे पडले होते. अर्जदार टाकीच्या कठड्यावर बसून रडली. सत्तावीस वर्षांत कामाच्या जागी ती प्रथमच रडली. ही बाब नोंदीसाठी लिहिली आहे, सहानुभूतीसाठी नव्हे. सहानुभूती या कार्यालयाकडे शिल्लक असल्याचा पुरावा अर्जदाराजवळ नाही.

केंद्राच्या उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या बेबी हंचनाळे यांना सगळे बेबीआक्का म्हणतात. त्या चहा घेऊन तिथे आल्या व शेजारी बसल्या. म्हणाल्या, "बाई, मला सायबांनी सांगितलं, चार ते सहामधलं भारी मासं तळायला काढ, एक ते तीनमधलं बारकं कालवणाला घाल. म्या म्हटलं, बाईंना विचारल्याबिगर कसं? तर म्हणालं, मासं केंद्राचं हाईत, बाईंच्या म्हायेरचं न्हाईत."

यावरून एक गोष्ट आपल्या निदर्शनास येईल. कोणत्या खाद्यावर मासा चांगला वाढतो याचा निकाल डॉ. हुद्दार यांनी ताटासाठी निवड करतानाच देऊन टाकला होता. स्वतःच्या शोधावर वाढलेले मासे त्यांनी पाहुण्यांना कालवणात बुडवून दिले.

बेबीआक्का पुढे म्हणाल्या, "एक नंबरच्या टाकीतलं मासं साफ करताना बघितलं, तर काळीज पिवळं, हाताला लागलं की फुटायचं. म्या जाऊन सायबांना सांगितलं, हे मासं बरं दिसत न्हाईत. तर म्हणालं, मसाला वाढव." बेबीआक्कांनी मसाला वाढवला. पण उद्या कोणाला उलट्या झाल्या तर नाव आपल्यावर येणार, हे ओळखून त्यांनी प्रत्येक टाकीतल्या माशांची काळजे वेगवेगळ्या डब्यांत भरली, डब्यांवर टाकीचा नंबर कन्नडमध्ये लिहिला, आणि सहाही डबे आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये बर्फाखाली ठेवले. अर्जदाराने त्यांना विचारले की हे कोणी शिकवले. त्या म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात. ज्याच्यावर बोट येतंय त्यो जपून ठेवतोय."

अंतिम वजने गेली. ती कोणाच्याही पोटातून आता परत येणार नाहीत, व शास्त्रज्ञ म्हणून ही उणीव अर्जदार मान्य करते. मात्र एकशेपाचव्या दिवसापर्यंतची वजने वहीत आहेत, आणि सहा डबे अर्जदाराने मंडळाबाहेरच्या एका प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिले. तेथील अहवाल ४ जुलै रोजी आला. त्यासाठीच हा खुलासा थांबला होता. एक, दोन, तीन या डब्यांत बुरशीचे विष मुबलक. चार, पाच, सहा यांत नाममात्र. पाहुण्यांच्या प्रकृतीची चिंता नसावी. हे विष मांसात फारसे उतरत नाही, काळजात साठते, आणि काळीज बेबीआक्कांनी कोणाच्या पानात पडू दिले नाही.

दरम्यान मासे बेपत्ता झाल्याची चौकशी करण्यास त्रिसदस्य समिती नेमली गेली. तिघांपैकी दोघे त्या पंगतीत होते. तिसरे उपवास असल्याने फक्त सोलकढी प्याले, म्हणून त्यांना अध्यक्ष केले. समितीने बेबीआक्कांना बोलावले नाही. टाक्या पाहिल्या नाहीत. "नैसर्गिक कारणांनी मासे कमी झाले" असा निष्कर्ष तिने काढला. भूक हे नैसर्गिक कारण आहे, याबद्दल अर्जदाराचा समितीशी वाद नाही. पण ज्या माणसांना आदल्या आठवड्यात काय जेवलो हे आठवत नाही, त्यांनी इतरांची सेवापुस्तके हाताळावीत याचे तिला नवल वाटते.

सबब अर्जदार मेमो मागे घेण्याची विनंती करीत नाही. ठपका ठेवायचा तर ठेवावा. त्या सेवापुस्तकात तिच्याविषयी खरे असे आजवर जन्मतारखेखेरीज काही लिहिलेले नाही. विनंत्या दोनच आहेत. मत्स्यबलाचे वाटप तात्काळ थांबवून दिलेल्या गोण्या परत घ्याव्यात. आणि या प्रयोगाचा अहवाल छापला जाईल तेव्हा त्यावर बेबी हंचनाळे यांचे नाव अर्जदाराच्या बरोबरीने असावे. त्यांच्या पदव्या विचारल्यास डॉ. हुद्दार यांच्या मोजून दाखवाव्यात व कोण उपयोगी पडले ते पाहावे.

आता एक कबुली. मत्स्यबलाचे पुढील वाटप दि. २१ जुलै रोजी बत्तीस शेतकऱ्यांना व्हायचे आहे. याबाबत आपल्या कार्यालयास अर्जदाराने तीन पत्रे पाठवली, एकाचीही पोच आली नाही. पावसात पेंड आणखी भिजते, आणि मासे पत्रव्यवहार संपेपर्यंत उपाशी राहत नाहीत. म्हणून अहवाल हाती आल्यापासून अर्जदार रजा टाकून, स्वतःच्या दुचाकीवर, सदलगा व निपाणी परिसरातल्या सव्वीस तळ्यांवर जाऊन आली. प्रत्येकाला गोणी उघडून वास घ्यायला लावला, ताजी पेंड कशी वाळवावी ते दाखवले, आणि मत्स्यबल घेऊ नका असे स्पष्ट सांगितले. ज्योतिबा खोतांच्या तळ्यात खाद्य बदलल्यापासून पाचव्या आठवड्यात मरतूक थांबली होती, हेही सांगितले. मंडळाच्या उत्पादनाविरुद्ध जाहीर बोलणे हा सेवानियमांचा भंग आहे, हे तिला ठाऊक आहे. दुसरा मेमो काढणे सोयीचे जावे म्हणून गावे व तारखा सोबत दिल्या आहेत. सहा तळी राहिली. हा अर्ज पोस्टात टाकून ती तिकडेच निघाली आहे.

आपल्या परवानगीची वाट न पाहणारी,

(सही)
डॉ. नीलम भावकू बिर्जे
निपाणी, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१. पंधरवड्याच्या वजनांची वही, झेरॉक्स प्रत. मूळ वही केंद्रात ठेवलेली नाही.
२. प्रयोगशाळेचा अहवाल.
३. बेबी हंचनाळे यांचा सहीचा जबाब.
४. सव्वीस गावभेटींच्या तारखा.
५. सदर अर्जाची कन्नड प्रत. मजकूर तोच आहे. फक्त कन्नडमध्ये अर्जदार जरा जास्त सभ्य वाटते, तरी मराठी प्रत खरी धरावी.