मोहाखालची सतरंजी

धानोरा, ९ एप्रिल १९५७

प्रिय मित्र नानाजी यास,

मुखरूचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, वहिनींचा खोकला गेला असेल. माझी कंबर मात्र आता माझी राहिली नाही. त्याचंच हे पत्र.

आमच्या गडचिरोलीच्या वाचक मंडळाचे चिटणीस बापूजी (तहसिलीतले कारकून, झोपेतही ठराव मांडतात) यांच्या डोक्यात आलं की, पुढच्या काळातल्या समाजावर कथा लिहायच्या तर चर्चा रानात चालता चालता व्हावी. मी लगेच हो म्हटलं. सन दोन हजारमधल्या गावाची माझी कथा मंडळात तीनदा वाचायला घेतली, तिन्ही वेळा चहा आला आणि ती अर्धीच राहिली. रानात चहा नाही, तेव्हा यंदा ती कोणीतरी शेवटपर्यंत ऐकेल, एवढीच माझी आशा. आम्ही पाचजण इथल्या शाळेत मुक्काम करून पहाटे निघालो. वाटेत एका थोरल्या मोहाखाली जमीन अगदी अंगणासारखी स्वच्छ, वर पिवळसर फुलांचा सडा. निसर्गानं सभागृह झाडून ठेवलंय, असं बापूजी म्हणाले आणि आम्ही त्या सड्यावरच सतरंजी पसरली. (चौथीत आपण पाटीवर ताल धरून रानाच्या कविता म्हणायचो, आठवतं? त्यात झाडाखाली बसावं असं होतं. झाड कोणाचं ते विचारावं, असं एकाही ओळीत नव्हतं.)

"या गावात कोणतंही झाड कोणा एकाचं नाही," इथवर मी माझी कथा वाचली, तोच मागून आवाज आला, "हे माह्यं हाय."

टोपली घेतलेली, गावातलीच बुधरी. इथे कोणता मोह कोणत्या घरचा, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. फुलं वेचून वाळवता यावीत म्हणून तिनंच पाला जाळून ती जागा झाडली होती. "सतरंजी उचला जी. अख्ख्या सकाळचा चिखल केला ना!" बापूजींनी दिलगिरीचा ठराव मांडला. "ठराव वाळवून खाऊ काय? पाच झन बसले, पाच सकाळी वेचून द्या."

मंडळानं तिथल्या तिथे एकमतानं ठरवलं की पाचांच्या वतीनं मी राहावं. मग चौघे दुपारची मोटार पकडून गेले. आज माझी चौथी सकाळ. वाकायचं, वेचायचं, पुन्हा वाकायचं. माझ्या कथेत ही कामं यंत्रं करतात. बुधरीला तसं सांगितलं, तर म्हणाली, "मंग त्या गावातल्या बाया सकाऊन एकमेकींशी बोलतात कुठी?" मी पुन्हा वाकलो. वाकलेल्या माणसाला तसंही फारसं सुचत नाही.

तुझा,
मुखरू

ता. क. कंबरेसाठी तेल पाठवू नकोस. बुधरीनं मोहाच्या बियांचं दिलं आहे.

दुसरा ता. क. वेचता वेचता मी तिला ती कथा सांगतो आहे. काल थांबलो तर म्हणाली, "मंग? पुढं काय झालं?" नानाजी, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण शेवट ज्या दुसऱ्या वहीत आहे, ती मी दसऱ्याला अभिप्रायासाठी तुझ्याकडे पाठवली होती, हे मला कालच आठवलं. तू उघडली नसशील, ठाऊक आहे. आता उघडूही नकोस. मिळेल त्या मोटारीनं इकडे पाठव. शेवट मलाही आठवत नाही, आणि उद्या पाच सकाळी पुऱ्या झाल्या तरी मी वेचायला जाणारच आहे.