ताऱ्याबाहेर सांडलेलं

३ फेब्रुवारी
पाचवं प्रकरण काढून टाक म्हणे! सर माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक आहेत, धनी नव्हेत. त्या प्रकरणातच तर सगळा जीव आहे. न्यूट्रॉन तारा — शहराएवढा गोळा, वजन सूर्याच्या तोडीचं. त्याच्या पोटात डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं द्रव्य शिरलं तर त्याच्या ओढीनं तो आक्रसतो, फार वजन पेलत नाही, हलका राहतो. तसा एक लहान, हलका तारा सापडलाय आणि माझं गणित त्याच्याशी जुळतंय! सरांचं एकच पालुपद — "डार्क मॅटरनं वजनात फरक पडत नाही. मी हे कधीच दाखवून दिलंय." बघूच.

६ फेब्रुवारी
आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याच्यापायी चार वर्षं?"
"वजनानं कळतं ते, आई."
"मग कर वजन आणि हो मोकळी!"

९ फेब्रुवारी
केलं वजन. मॉडेलमध्ये डार्क मॅटर वाढवत गेले, इतकं की ते ताऱ्याबाहेर सांडून भोवती पसरलं. पण त्यानंतर काटा ढिम्म! असं कसं?
माझं मॉडेल ज्यावर चालतं तो सरांचा मूळ कोड उघडला. आमच्याकडे त्याला कुणी हात लावत नाही, नवा विद्यार्थी आला की तो जसाच्या तसा घेतो. तर काय — दिसणारा तारा संपतो तिथेच तो बेरीज थांबवतो. बाहेर सांडलेलं मोजतच नाही! मग फरक पडणार कुठून?

१० फेब्रुवारी
सरांना दाखवलं. धड बघितलंसुद्धा नाही. "हाच कोड वापरून सात जण डॉक्टर झाले. तू आधी हो." अस्सं? शुक्रवारी सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर मांडते. मार्गदर्शक बदलावा लागला तरी बेहत्तर.

११ फेब्रुवारी
प्रबंध रखडेल. रखडू दे!

१२ फेब्रुवारी
उद्या सेमिनार. कोड दुरुस्त करून सगळं पुन्हा चालवलं. सरांचा निष्कर्ष आडवा! मग माझा, पाचव्या प्रकरणातला तारा घेतला. त्याच्याही बाहेर सांडलेलं होतंच, मीही कधी मोजलं नव्हतं. चांगलाच जड निघाला. आता त्या सापडलेल्या हलक्या ताऱ्याशी जुळतच नाही.
रडले. मग सरांना फोन केला. "सर, आपण दोघंही चुकलोय."
त्यांनी नवे आकडे एकेक करून विचारून घेतले. मग म्हणाले, "पाचवं प्रकरण काढायचं नाही, नव्यानं लिहायचं. उद्या तू बोल, शेजारी मी उभा राहतो."