फ्यूज काढल्यावरची ओळ

प्रिय भोंग्या,

मासिकवाले तुला आता काहीही म्हणोत, माझ्यासाठी तू भोंग्याच. लहानपणी तू रडायला लागलास की अख्खी गल्ली खिडकीत यायची, त्यावरून मीच ठेवलेलं नाव आहे ते. परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं, चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून. मी स्क्रू आवळत होते, तर हा गृहस्थ आपणहून सांगायला लागला की तो हल्ली रोज तुझी गिटार ऐकतो आणि त्याला फार शांत वाटतं. मी इतक्या शांतपणे स्क्रू आवळला की काडी मिटेना. मग परत ढिला करून दिला. तुझी बहीण आहे हे काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तासभर तुझ्याबद्दल विचारत बसला असता आणि मी काय करते ते त्याला समोर दिसतच होतं. आडून आडून कशाला बोलू, जळते मी तुझ्यावर. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

आठवतं ना, मागच्या खोलीत आईच्या जुन्या गाद्या भिंतीला उभ्या करून आपण आवाज अडवायचो, आणि तो काही केल्या अडायचा नाही. तू, मी आणि ढोल बडवायला ढब्बू. गिटारवर तुला मोजक्या कॉर्ड येत होत्या आणि त्यातली एक चुकीची होती. शब्द माझे, ओरडणं माझं. पंक संगीत म्हणजे काय ते आपल्याला तरी कुठे धड माहीत होतं. वाजवता येत नसलं तरी चालतं एवढं कळलं होतं, आणि तेवढ्यावर आपलं भागलं. कॅसेट आपणच भरायच्या, कव्हरं आपणच कात्रीने कापायची, आणि कार्यक्रम संपला की घामेजलेल्या अंगाने दारात उभं राहून आपणच विकायच्या. कुठल्याही कंपनीची पायरी चढलो नाही, कारण कुणी बोलावलंच नाही. तू आता मुलाखतीत सांगतोस की ते तुझं तत्त्व होतं. असू दे बापडं. पण आपल्या बँडचं 'कानठळ्या' हे नाव मी ठेवलं होतं, तेवढं तरी सांगत जा.

आणि मग एके दिवशी तुला शब्दांचा कंटाळा आला. गिटार पुसत, माझ्याकडे न बघता म्हणालास, आता शब्द नकोत. ढब्बूला ते बरंच वाटलं, त्याला टायरचं दुकान टाकायचं होतं. पण शब्द म्हणजे मी होते रे. पोळपाट राहू दे आणि लाटणं नको म्हटल्यासारखं झालं ते. तू एकटा लहानसहान खोल्यांमधून वाजवत फिरलास, घरीच रेकॉर्ड केलंस, पाठीवर पोतं घेऊन विकलंस, कितीतरी वर्षं कुत्रं विचारत नव्हतं तुला. खोटं सांगत नाही, तेव्हा मला आतून बरं वाटायचं. मग हळूहळू लोक यायला लागले. एकदा मीही आले होते, तुला न सांगता, खांबाआड बसले. आपल्या कार्यक्रमात लोक एकमेकांच्या अंगावर पडायचे, तुझ्या कार्यक्रमात खोकायलाही घाबरत होते. मी देवाला म्हणत होते, एक तरी सूर चुकू दे मेल्याचा. नाही चुकला. चांगलं वाजवलंस.

पण लोकांचं सोड. माझी खरी जळफळ होते ती बाबांपायी. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या संगीताला केकाटणं म्हटलं, तो माणूस आता रोज संध्याकाळी चहा झाला की तुझी तबकडी लावतो. आधी बनियनच्या टोकाने पुसतो. छापखान्यातल्या यंत्रांनी कान निम्मे गेलेले, त्यामुळे आवाज इतका मोठा ठेवतात की शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटतात. आपल्या घरात बाबांच्या आवाजाबद्दल तक्रार, काय दिवस आलेत बघ. परवा पोस्टमनला हाताला धरून आत आणलं आणि तुझं कव्हर दाखवलं, हा आमचा मुलगा म्हणून. मी तिथेच उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, ही घरीच असते. दिवसभर दुकानात उभी राहून येते मी, त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, त्यांचे कान साफ करणं, सगळं मी बघते. आणि मी कोण, तर घरीच असते ती.

त्यातून एका मासिकात तुझ्या तबकडीवरच्या तिसऱ्या तुकड्यावर आलेलं वाचलं. तू मध्येच सगळं थांबवतोस आणि मग पुन्हा सुरू करतोस, त्या शांततेमागे म्हणे कित्येक वर्षांची तपश्चर्या आहे. डोंबलाची तपश्चर्या. बाबांनी फ्यूज काढला होता. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपायला बघायचा, आणि आपण भिंतीपलीकडे बोंबलायचो. मग ते उठायचे, काही न बोलता फ्यूज काढायचे, खिशात टाकायचे आणि परत जाऊन आडवे व्हायचे. तुझी गिटार भर सुरात मरायची, ढब्बू भीतीने काठ्या खाली ठेवायचा. पण माझ्या गळ्याला कुठे वीज लागत होती? मी ती एक ओळ तशीच, एकटी, गाद्यांकडे तोंड करून ओरडायचे. इतकी झकास वाटायची की पुढे आपण गाण्यातच तशी ठेवली. तुम्ही दोघं थांबायचात आणि मी एकटी. लोक त्या ओळीसाठी यायचे. नाव तू काहीही दे, चाल निम्म्याने संथ कर, गाणं ते आपलंच आहे. थांबणं ठेवलंस, ओळ तेवढी काढलीस.

आता मुद्द्याचं सांगते. मागच्या रविवारी मी भाजी घेऊन जरा लवकर आले आणि मागच्या दाराने आत शिरले. तुझा तिसरा तुकडा चालू होता. गिटार थांबली, आणि बाबा ओरडले. म्हणजे ओरडायला गेले, निघाला तो चिरका, थरथरता आवाज: 'तुम्ही झोपा खुशाल, आमची झोप कुणी खाल्ली?' बरोब्बर वेळेवर. ओळ संपली आणि तुझी गिटार सुरू झाली. मी पिशवी धरून स्वयंपाकघरात तशीच उभी. त्यांच्यावरच लिहिली होती रे मी ती, त्यांच्या नावाने शंख करायला. आणि ते खिशात फ्यूज घेऊन, भिंतीपलीकडे आडवे पडून, शब्दन् शब्द ऐकत होते. आता ती ओळ ते आपलीच असल्यासारखी म्हणतात. खरंच की, झोप तर त्यांचीच खाल्ली होती आपण. त्यानंतर मी मुद्दाम दाराआड थांबून पाहिलं. मी खोलीत असले की चहाच्या कपाकडे बघत गप्प बसतात, मी बाहेर गेले की म्हणतात. मला वाटलं, आता तरी माझी जळजळ थांबेल. छे. आता याची जळजळ होते की माझी ओळ म्हणायला त्यांना तुझी तबकडी लागते.

आणि गुरुवारी तुझा फोन आला. कंपनी तुझी नवी तबकडी काढणार, तिसरा तुकडा तू पुन्हा वाजवणार, आणि मधली रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून तिथे व्हायोलिन भरणार, असं तू बाबांना हौसेने सांगितलंस. ते छान म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी तबकडी लावलेली नाही. मी लावू का विचारलं तर म्हणाले, त्यालाच ती अर्धवट वाटते, मग कशाला ऐकायची. फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे, म्हणून हे लिहून कळवते आहे. भोंग्या, ती जागा भरू नकोस. त्यांच्यासाठी मागते आहे, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही मागते आहे. माझं नाव कुठे छापू नकोस, मुलाखतीत तपश्चर्या सांगायची तर खुशाल सांग. व्हायोलिनवाल्याला दुसरीकडे कुठेही वाजवू दे. पण तिथे आलास की गिटार थांबव आणि गप्प बस, आणि तसं करणार आहेस हे बाबांना स्वतः फोन करून सांग. मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस. आणि हल्ली ती ओळ म्हणताना त्यांना मध्ये एक श्वास घ्यावा लागतो, 'खाल्ली'च्या आधी. तेव्हा पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ गप्प बस.

तुझीच,
जळकी ताई