तिसऱ्या मजल्यासाठी भाडेकरू

३ मार्च, सोमवार

आजचंही गिऱ्हाईक गेलं. जिना उतरताना बाई नवऱ्याला म्हणत होती, "एवढं खरं सांगतात म्हणजे याहून मोठं काहीतरी लपवत असणार!" मी वर कठड्यापाशीच उभी होते.

माझं काय चुकलं? घर भाड्याने घेणाऱ्याला घराची माहिती हवी. मी दिली. कंपनीतून ओलावा मोजायचं यंत्र आणलं, प्रत्येक भिंत मोजली, उष्णतेचे फोटो काढले (ओल असते तिथे भिंत निळी दिसते) आणि सगळा अहवाल छापून त्यांच्या हातात दिला. परिशिष्टासह. दिवसभर मी लोकांच्या इमारतींत गळती शोधते. स्वतःच्या घराला वेगळा न्याय का लावायचा?

आत्याने अहवाल चाळला. माझ्या जन्माआधीपासून ती भाड्याच्या घरांची एजंट आहे. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली, "घर दाखवतेस की पोस्टमॉर्टेम वाचून दाखवतेस, इंजिनीअरबाई?"

दादाचं एकच — महिनाअखेरपर्यंत भाडेकरू मिळाला नाही तर विकून टाकू. बाबांनी जाण्याआधी घर आम्हा दोघांच्या नावावर केलं, त्यामुळे निम्मा शब्द त्याचा. आणि त्याचंही खोटं नाही. रिकामं घर नुसतं खात राहतं.

आम्ही कुणीच तिथे कधी राहिलो नाही. ते बाबांनी भाड्यासाठीच घेतलं होतं. पण भाडेकरू बदलला की बाबा मला दुरुस्तीला बरोबर न्यायचे. आयुष्यातला पहिला नळ मी तिथे बदलला. हे दादाला सांगितलेलं नाही. हा काही मुद्दा होऊ शकत नाही.

५ मार्च, बुधवार

ऑफिस सुटल्यावर आत्याकडे. तिच्या टेबलाचा वरचा खण नुसत्या किल्ल्यांनी भरलेला, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. मी म्हटलं, शिकव. ती म्हणाली, "फी काय देणार?" मग शिकवलं.

दोष आधी दुरुस्त कर, मग एका वाक्यात सांग. आठ पानांत नाही. "इथे ओल होती, पाइप बदलला" — बास. एवढं ऐकलं की माणूस विश्वास ठेवतो, जास्त ऐकलं की पळतो.

गिऱ्हाईक यायच्या आधी जाऊन खिडक्या उघड. बंद घराचा वास कुठल्याही रंगाने जात नाही.

माणसाची चौकशी करायची तर सध्याच्या घरमालकाकडे करू नकोस. त्याला तो जायला हवा असेल तर तो तोंडभरून कौतुकच करणार! त्याच्या आधीच्या मालकाला विचार. त्याचा काही स्वार्थ उरलेला नसतो.

आणि घर बघताना कोण काय विचारतंय याकडे लक्ष देऊ नकोस. भाव करणारे शंभर असतात. "इथे कपाट बसेल, इथे खुर्ची" असं ज्याचं सुरू झालं, तो मनाने राहायला आला. "त्या माणसाला सोडू नकोस," आत्या म्हणाली.

निघताना मागून ओरडली, "आणि भाडेकरू नात्यातला असला तर आधी करार! परक्याशी भांडता येतं, नात्यातल्याशी नुसतं कुढत बसावं लागतं."

मी सगळं लिहून घेतलं. ती हसली. हसू दे.

८ मार्च, शनिवार

गळती सापडली! मी न्हाणीघराच्या भिंतीला दोष देत होते. पाणी येत होतं वरच्या मजल्यावरच्या सांडपाण्याच्या जोडातून, आणि पाइपच्या कडेकडेने उतरून स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरत होतं. वरचे काका आधी कानांवर हात ठेवत होते. मी त्यांना त्यांच्याच बादलीत निळा रंग कालवून मोरीत ओतायला लावला. रंग आमच्या भिंतीवर उतरला. काकांनी निमूटपणे प्लंबरला फोन केला.

आई आली होती, झाडू, फडकी आणि चहाचा थर्मास घेऊन. "तू भिंती बघ, मी फरशा बघते." खरं तर यायची काही गरज नव्हती. ती दादाकडे राहते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलाव्या लागतात. पण आली. आल्या आल्या तिने सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. भर दुपारी! मी म्हटलं, आई, बिल. म्हणाली, "असू दे गं थोडा वेळ." मग मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून फरशी पुसत बसली.

१३ मार्च, गुरुवार

आज एक साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. "ताई, घर म्हणजे मंदिर!" वगैरे. वर्षाचं भाडं आगाऊ देतो म्हणाले. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

मग आधीच्या घरमालकाचा नंबर मागितला. साहेबांचा आवाज एक पट्टी खाली आला. नंबर दिला, पण लागला नाही. आत्याने तिच्या ओळखीतून खरा नंबर काढला. त्या गृहस्थांनी नाव ऐकताच विचारलं, "दारं आहेत का अजून तुमच्या घराला? माझी काढून नेली!"

आत्याला फोन करून आभार मानले. ती म्हणाली, "आभार मान, पण फी विसरू नकोस."

आईही होती आज. आता दर वेळी असते. साहेब गेल्यावर म्हणाली, "बरं झालं गेला. बूट घालून स्वयंपाकघरात शिरला मेला." स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिने कुठूनसं एक स्टूल आणून ठेवलं आहे. दमले की बसायला, म्हणे.

१६ मार्च, रविवार

आज मासेवाला. म्हणजे घरात मासे पाळणारा. फिशटँक एवढा मोठा की मला त्याच्या वजनाचा हिशेब करावा लागला. स्लॅब पेलणार नाही असं एका वाक्यात सांगितलं. एकाच! त्यालाही पटलं. सुधारते आहे मी.

स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लागलेला दिसला. फिका पिवळा. आईला विचारलं. "उघडी खिडकी बरी दिसत नाही गिऱ्हाइकाला." मुद्दा योग्य आहे.

१९ मार्च, बुधवार

भिंत कोरडी. यंत्र दोनदा लावलं.

२२ मार्च, शनिवार

मिळाले!

नवरा-बायको, दोघंही नुकतेच नोकरीला लागलेले. आधीच्या मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, "दोघं गेली तेव्हा रडू आलं मला." ओल आणि पाइप मी एका वाक्यात सांगितलं. बायको म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." सोमवारी करार. दादाला कळवलं. तो इतका खूश झाला की चक्क मला शाबासकी दिली. विक्रीचं नाव नाही आता.

मी आनंदात होते. आई खिडकीपाशी स्टुलावर बसलेली.

म्हणाली, "पलंग कुठे लावणार आहेत गं ते?"

मी म्हटलं, विचारलं नाही.

"पूर्वेच्या खिडकीसमोर लावू नका म्हणावं. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. या बाजूला लावला तर पहाटे उठून दिवा लावला तरी कुणाला त्रास नाही. आणि कपाट तिकडे, दाराआड. मी मोजलंय, बसतं."

मग ती उठली, थर्मास पिशवीत घातला आणि पडद्याच्या दोऱ्या सोडायला लागली. "हा घेऊन जाते. त्यांचा ते लावतील त्यांच्या आवडीचा."

दोरीची गाठ सुटत नव्हती. मी मदतीला गेले नाही. तिथेच उभी राहिले.

मी गळती शोधते. हे माझं काम आहे. पाणी कुठे दिसतं ते बघायचं नसतं, कुठून येतं ते बघायचं. आणि इतके दिवस दर वेळी दारातून येणाऱ्या माणसांकडे बघत बसले!

आई दादाकडे हॉलमध्ये झोपते. सगळी उठेपर्यंत अंधारात बसून राहते, कुणाची झोप मोडू नये म्हणून. जन्मभर परिचारिकेची नोकरी केली. पहाटेच जाग येते तिला. मला हे माहीत होतं.

"पडदा राहू दे," मी म्हटलं.

२३ मार्च, रविवार

आत्याला फोन. म्हटलं, उद्याचा करार थांबव.

"का? पळाले?"

"नाही. दुसरा भाडेकरू सापडला. पडदा लावून बसलाय."

पलीकडे आत्या हसली. मग, "दिसलं का एकदाचं!"

म्हणजे हिला माहीत होतं! मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "मी एजंट आहे. घर दाखवते, गिऱ्हाइकाला ढकलत नाही." नव्या जोडप्यासाठी तिच्याकडे दोन गल्ल्या सोडून एक घर आहे, बाल्कनीसकट. त्यांना ते जास्तच आवडलं. मला थोडं वाईट वाटलं, उगाच.

दादाला समजावणं सोपं गेलं नाही. तो दुखावला. "आमच्याकडे काय कमी आहे तिला? आणि आईकडून भाडं? लोक काय म्हणतील?"

आई म्हणाली, "लोकांना पत्ता देऊ नकोस." मग त्याच्या पाठीवर हात ठेवून, "कमी काही नाही रे. सून चांगली आहे, तू चांगला आहेस. मला फक्त वाटेल तेव्हा दिवा लावायचाय. आणि पेन्शन आहे मला. फुकट राहणार नाही."

दादा मोबाइलमध्ये कुणाचा तरी नंबर शोधत बसला. शेवटी म्हणाला, "सामान हलवायला टेम्पो मी आणतो." म्हणजे हो.

२९ मार्च, शनिवार

आत्याच्या टेबलावर करार झाला. मालक: दादा आणि मी. भाडेकरू: आई. आत्याने कमिशन सोडलं नाही!

आईने चष्मा लावून कलमं शेवटपर्यंत वाचली. "भाडेकरूस आगाऊ कळवल्याशिवाय मालकाने घरात येऊ नये" — इथे बोट ठेवलं. आत्याकडून पेन मागून घेतलं आणि ती ओळ खोडली.

मग माझ्या तळहातावर एक किल्ली ठेवली. पिवळ्या दोऱ्याची.